कट्टी आणि दुसरा दिवस : मराठी विनोदातील मित्रमंडळाचा एक इतिहास

१

मराठी विनोदी वाङ्मयाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः मानसपुत्रांची वंशावळ सांगतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा, राम गणेश गडकऱ्यांचा बाळकराम, चि. वि. जोशींचा चिमणराव अशी नावे ओळीने येतात आणि प्रत्येक लेखकाच्या विनोदाचे स्वरूप त्याच्या मानसपुत्राच्या आधारे ठरविले जाते. या पद्धतीत एक गोष्ट निसटते. हे मानसपुत्र एकटे वावरत नाहीत. सुदाम्याबरोबर बंडूनाना आणि पांडूतात्या आहेत, चिमणरावाबरोबर गुंड्याभाऊ आहे. विनोद निर्माण होतो तो बहुधा या माणसांच्या मधल्या जागेत : एकाच्या फुशारकीत आणि दुसऱ्याच्या संशयात, एकाच्या धाडसात आणि दुसऱ्याच्या भित्रेपणात. म्हणजे मराठी विनोदाचा मूळ घटक व्यक्ती नसून मित्रमंडळ आहे, असे मानून पाहिले तर हा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो.

मित्रमंडळ म्हटले की स्नेहाची कल्पना मनात येते. परंतु विनोदी वाङ्मयातील मित्रमंडळ स्नेहापेक्षा असुरक्षिततेवर अधिक चालते. आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत की नाही, आपल्याला खेळात घेतील की नाही, आपल्या पाठीमागे आपल्याविषयी काय बोलले जाते, ही भीती मंडळातील प्रत्येकाला कमीअधिक प्रमाणात असते. तिच्यातून भांडण उद्भवते, भांडणातून अबोला येतो आणि अबोला सुटला की मंडळ पुन्हा पहिल्यासारखे होते. या चक्रातील शेवटचा टप्पा, म्हणजे 'पुन्हा पहिल्यासारखे होणे', हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भांडण मिटते कसे, आणि ते मिटेलच याची खात्री वाचकाला कोठून मिळते? १९९१ साली सुरू झालेल्या 'चिंटू' या दैनंदिन चित्रमालिकेला मध्यवर्ती ठेवून या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. चित्रमालिकेकडे आपल्या समीक्षेने वाङ्मयप्रकार म्हणून क्वचितच पाहिले आहे. मात्र एखादा प्रकार रोज सकाळी हजारो घरांत वाचला जात असेल, तर संवेदनशीलतेच्या इतिहासात त्याची नोंद टाळता येणार नाही.

२

मैत्रीतील असुरक्षिततेची आपल्या परंपरेतील सर्वांत परिचित कथा सुदाम्याची आहे. भागवताच्या दशम स्कंधातील हा प्रसंग कीर्तनकारांनी घरोघरी पोहोचविला. दरिद्री सुदामा द्वारकेला जातो, गुरुबंधूच्या वैभवाने दिपतो आणि चिरगुटात बांधून आणलेले पोहे लाजेने दडवून ठेवतो. कथेचे तात्पर्य भक्तीचे आहे हे खरे. परंतु तिचा नाट्यबिंदू त्या दडविलेल्या पुरचुंडीत आहे. एकेकाळी बरोबरीच्या असलेल्या दोन मित्रांमध्ये आता अंतर पडले आहे आणि त्या अंतराची जाणीव दुबळ्या मित्राला अधिक आहे. कृष्ण ती पुरचुंडी हिसकावून घेतो. असुरक्षिततेचे निरसन येथे समजावणीने होत नाही. ते एका आगाऊ, खेळकर कृतीने होते.

याच परंपरेची दुसरी बाजू गोकुळातील सवंगड्यांची आहे. भागवतात खेळात हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घ्यावे असा गोपाळांचा नियम सांगितला आहे आणि त्या नियमाने कृष्णालाही श्रीदाम्याला पाठीवर घ्यावे लागते. मराठी संतांनी या गोपाळमेळ्याला आपल्या गावचा चेहरा दिला. लंगडा पेंद्या हा त्यांतला लोकप्रिय सवंगडी. तो शरीराने उणा आहे, पण मंडळाबाहेर नाही. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, लगोऱ्या यांवरचे अभंग आहेत. काला ही तर सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करण्याची, म्हणजेच कोणाची शिदोरी बरी आणि कोणाची निकृष्ट हा भेद नाहीसा करण्याची रीत. मित्रमंडळात विषमता असते आणि ती खेळाच्या नियमाने काही काळ स्थगित करता येते, ही जाण आपल्या परंपरेत फार जुनी आहे.

मुलांच्या भाषेत ही जाण आजही शिल्लक आहे. मराठी मुलांनी मैत्रीतील संघर्षासाठी जी शब्दसंपदा घडविली ती जवळजवळ कायद्याच्या परिभाषेइतकी नेमकी आहे. 'कट्टी' म्हणजे नुसता राग नव्हे. तो जाहीर करावा लागणारा संबंधविच्छेद आहे, आणि 'बट्टी' ही तितकीच औपचारिक पुनर्स्थापना. 'रडीचा डाव' म्हणजे हरू लागल्यावर नियमच नाकारणे. 'राज्य येणे' म्हणजे सर्वांविरुद्ध एकटे पडणे. मात्र ही पाळी प्रत्येकावर येणार असल्यामुळे ती अपमानास्पद ठरत नाही. सर्वांत सूक्ष्म संज्ञा 'लिंबूटिंबू' ही. लहान किंवा कमजोर मुलाला खेळात घ्यायचे, पण त्याचे बाद होणे मोजायचे नाही. अशा मुलाला समावेश मिळतो, बरोबरी मिळत नाही. आपण लिंबूटिंबू आहोत हे ज्या दिवशी मुलाला कळते तो त्याच्या सामाजिक शिक्षणाचा पहिला दिवस म्हणावा लागेल.

३

आधुनिक काळात मित्रमंडळाला विनोदी गद्यात प्रथम ठसठशीत रूप दिले ते कोल्हटकरांनी. १९०२ पासून 'विविधज्ञानविस्तारा'त प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या विनोदी लेखांचे पुढे 'सुदाम्याचे पोहे' झाले. हे शीर्षकच पूर्वोक्त कथेची आठवण ठेवून योजलेले आहे : विनोद ही साहित्याच्या दरबारात लाजत आणलेली पुरचुंडी, असा विनय त्यात आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या मिषाने कोल्हटकरांनी रूढींचा समाचार घेतला. या मित्रांतील कुरबुरी स्वतंत्र महत्त्वाच्या नाहीत. त्या समाजटीकेचे वाहन आहेत. येथे विदर्भातील वाचकाला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा आणि वकिली वऱ्हाडातली. तरीही त्यांच्या त्रयीच्या तोंडी वऱ्हाडी नाही. मराठी विनोदातील पहिले मोठे मित्रमंडळ वऱ्हाडात राहून लिहिले गेले, पण त्याने भाषा घेतली ती प्रमाण मराठी. मित्रमंडळाला 'सार्वत्रिक' करावयाचे तर त्याचा गाव पुसावा लागतो, हा संकेत येथेच रुजला असे म्हणता येईल.

चि. वि. जोशींनी १९३० नंतरच्या दशकात हे वाहन बदलले. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ चे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे नात्याने मावसभाऊ असले तरी त्यांचे वागणे दोस्तांचेच आहे. येथे समाजटीका मागे सरते आणि भित्रेपणा हाच विषय होतो. चिमणराव स्वतःच निवेदक असल्यामुळे तो आपली फजिती झाकण्यासाठी जे सांगतो त्यातूनच ती उघडी पडते. गुंड्याभाऊच्या धाडसाचा त्याला आधार वाटतो आणि धाकही वाटतो. आधार आणि धाक एकाच माणसाकडून मिळणे ही मैत्रीतील असुरक्षिततेची नेमकी व्याख्या ठरेल. मात्र चिमणरावाची फजिती कितीही झाली तरी पुढच्या कथेत तो आणि गुंड्याभाऊ नव्या मोहिमेवर निघतात. गेल्या कथेतील जखमेचा व्रण पुढच्या कथेत फारसा राहत नाही.

त्याच दशकातील बालवाङ्मयात असुरक्षिततेला वेगळी वाट मिळाली. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) पोहायला भिणाऱ्या श्यामला इतर मुले भित्रा म्हणतील, ही चिंता आईला त्याच्याहून अधिक आहे. ती त्याला मारून पोहायला धाडते. सवंगड्यांपुढची लाज आईच्या कठोर मायेत विसर्जित होते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या दुसऱ्याच्या घरी आश्रयाला आलेला मुलगा आहे. त्याची असुरक्षितता घराविषयीची आहे, मित्रांविषयीची नंतर. पुढे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने संघर्ष घराच्या आणि मंडळाच्याही बाहेर नेला. शत्रू बाहेर असला की मित्र साहाय्यक होतो आणि मंडळातले हेवेदावे कथेला परवडत नाहीत. या तिन्ही वाटांत मित्रामित्रांतील रोजचे, क्षुल्लक, विनाकारण भांडण हा साहित्याचा विषय होऊ शकला नाही. त्याला लागणारा वाङ्मयप्रकार अजून मराठीत यावयाचा होता.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'चा (१९५८) उल्लेख येथे एका कारणासाठी करावा लागतो. शेजाऱ्यांच्या कुरबुरी कितीही झाल्या तरी चाळ ही वास्तू त्यांना एकत्र ठेवते, आणि पुस्तकाच्या अखेरच्या 'चिंतना'त ती वास्तूच जाणार या जाणिवेने विनोदाचा सूर पालटतो. मंडळाचा आधार माणसांच्या मनात जितका असतो तितकाच जागेत असतो, हे पु.लं.नी दाखवून दिले. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

४

मराठीतील हास्यचित्राची परंपरा मोठी आहे. शंकरराव किर्लोस्करांपासून शि. द. फडणीस आणि वसंत सरवट्यांपर्यंत, तसेच १९६० साली निघालेल्या 'मार्मिक'पर्यंत तिचे अनेक प्रवाह दिसतात. परंतु ही परंपरा मुख्यतः एकचित्राची होती. एकचित्रातील माणूस त्या चित्रापुरता असतो. त्याला काल नसतो. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे वेताळासारखे नायक मराठीतही आले, पण ती साहसकथा होती. रोज त्याच मुलांना, त्याच गल्लीत, काहीही विशेष न घडता भेटणे हा अनुभव मराठी वाचकाला नियमितपणे दिला तो 'चिंटू'ने. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाली. तीन-चार चौकटी, थोडे संवाद, शेवटच्या चौकटीत कलाटणी, असा तिचा घाट.

चिंटूच्या मंडळाची रचना पाहण्यासारखी आहे. पप्पू हा जिवलग मित्र. मिनीशी चिंटूचे सदैव वाजते आणि शाब्दिक चकमकीत ती कमी पडत नाही. राजू हा प्रतिस्पर्धी. बगळ्या विसराळू; त्याचे नावच मुळी टोपणनाव आहे, म्हणजे त्याच्या अंगकाठीची चेष्टा मंडळाने कायमची त्याच्या ओळखीत कोरून ठेवली आहे आणि त्यानेही ती स्वीकारली आहे. सोनू सर्वांत लहान, पूर्वोक्त परिभाषेत लिंबूटिंबू. या प्रत्येकाला आपापली धास्ती आहे : कोणाला हरण्याची, कोणाला हसे होण्याची, कोणाला वगळले जाण्याची. खुद्द चिंटूची धास्ती अशी की आपल्या खोडीचे श्रेय आपल्याला मिळावे आणि शिक्षा मात्र मिळू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चित्रमालिकेत भांडणाला पूर्ववृत्त नसते. आज चिंटू आणि मिनी कडाडून भांडले तरी उद्याच्या चौकटीत ती दोघे शेजारी उभी असतात. बट्टी केव्हा झाली हे दाखविलेले नसते. ती दोन अंकांच्या मधल्या रात्रीत झालेली असते. उंबेर्तो एको याने १९६२ साली 'सुपरमॅन'वरील प्रसिद्ध निबंधात या रचनेचे तत्त्व मांडले. मालिकेतील नायकाच्या कृतीने काळ पुढे सरकला तर तो मृत्यूकडे एक पाऊल टाकील. म्हणून प्रत्येक भागात काळ नव्याने सुरू करावा लागतो. एकोचे विवेचन महानायकाविषयीचे आहे. क्षुल्लक भांडणांच्या मालिकेला ते लावले की वेगळाच अर्थ निघतो. महानायकाच्या बाबतीत पुनरारंभामुळे मृत्यू टळतो. मुलांच्या बाबतीत द्वेष टळतो. कट्टीचे वैरात रूपांतर होण्यास काळ लागतो, आणि तो काळच मालिका मुलांना देत नाही.

'दुसऱ्या दिवसाची हमी' हे या विनोदाचे अधिष्ठान आहे, असे मी म्हणेन. हसण्यासाठी अंतःकरणाची क्षणिक बधिरता आवश्यक असते असे बर्गसाँने १९०० साली लिहिले. पण ही बधिरता वाचक सहजासहजी पत्करीत नाही. ज्या मुलाला वगळले गेले ते उद्या पुन्हा खेळात असेल हे ठाऊक असते, म्हणून आज त्याच्या रडकुंडीला येण्याला आपण हसतो. हमी काढून घ्या, आणि तीच चौकट दुःखद होईल.

५

ही हमी सर्व चित्रमालिकांत सारखी नसते. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि शेवटचा रविवारचा भाग शुल्झ यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारी २००० ला छापला गेला. तिच्यातील चार्ली ब्राऊन हा असुरक्षिततेचा मूर्तिमंत अवतार आहे. लूसी दरवर्षी त्याच्यासाठी चेंडू धरते आणि ऐन वेळी काढून घेते. तोही दरवर्षी विश्वास ठेवतो. येथे पुनरारंभ आहे, पण विस्मृती नाही. चार्लीला मागचे सारे आठवते आणि तरीही तो धावतो. त्यामुळे त्या विनोदाच्या तळाशी खिन्नता साचत जाते. एकोनेच १९६३ मध्ये या मालिकेच्या इटालियन आवृत्तीला प्रस्तावना लिहून तिच्या वाङ्मयीन मोलाकडे लक्ष वेधले होते. 'पीनट्स'मध्ये प्रौढ माणसे दिसत नाहीत. मुलांचा कलह मुलांनाच निस्तरावा लागतो, कारण वर दाद मागायला कोणी नाही.

'चिंटू'चे जग याच्या उलट आहे. तेथे आईवडील आहेत, आजीआजोबा आहेत, शेजारच्या जोशी काकू आहेत, सतीशदादा आहे. मुलांचे भांडण कोणा ना कोणा वडीलधाऱ्याच्या कानावर जाते आणि निवाडा नाही तरी निदान ओरडा मिळतो. शेजाऱ्याला नात्याने हाक मारण्याच्या आपल्या रीतीचा हा वाङ्मयीन परिणाम मानता येईल. काकू आणि दादा म्हटले की शेजार हे विस्तारित घर होते, आणि घरातल्या भांडणाला तुटण्याची मुभा नसते. चार्ली ब्राऊनचा एकटेपणा चिंटूच्या वाट्याला येत नाही याचे श्रेय त्याच्या स्वभावापेक्षा या नातेवाचक संबोधनांना द्यावे लागेल. म्हणजे 'चिंटू'तील हमी दुहेरी आहे : एक मालिकेच्या रचनेने दिलेली आणि दुसरी वस्तीच्या रचनेने दिलेली.

१९९१ या सालालाही अर्थ आहे. त्या वर्षी जुलैत आर्थिक उदारीकरण सुरू झाले आणि पाठोपाठ उपग्रह दूरचित्रवाणी मध्यमवर्गीय घरांत शिरली. ज्या दशकात मुले मैदानातून पडद्याकडे वळू लागली, त्याच दशकात वाचकांना रोज सकाळी मैदानातली मुले भेटू लागली. या योगायोगातून कार्यकारणभाव काढणे धाडसाचे होईल; पण 'चिंटू'च्या प्रौढ वाचकांना त्यात आपले ओसरते बालपण दिसले असावे हे तर्काला धरून आहे.

६

नेर हे अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. इतर नेरांपासून वेगळे ओळखण्यासाठी त्याला नेर परसोपंत म्हणतात. कापूस आणि तूर हीच भोवतालच्या खेड्यांतील घरांची मुख्य चिंता. अशा परिसरातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे मी एका सत्रात 'चिंटू'चा एक संग्रह आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) लागोपाठ ठेवले. हेतू वाङ्मयप्रकारांची तुलना हा होता. मुले 'चिंटू' वाचताना मोकळेपणाने हसली. नंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "यांची कट्टी एका रात्रीत कशी काय सुटते? आमच्याकडे तं नाही सुटत." प्रश्न साधा होता आणि माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

'अक्करमाशी'च्या आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. सवर्ण मुले एका बाजूला बसतात, महारांची मुले दुसऱ्या बाजूला. वर्ग एक, मास्तर एक, पण शिदोऱ्या एकत्र होत नाहीत. इकडच्यांच्या वाट्याला तिकडचे उरलेले अन्न येते. काल्याची ही पूर्ण उलटी प्रतिमा आहे. येथे कोणी कोणाशी कट्टी केलेली नाही. कट्टी करण्यासाठी आधी गट्टी असावी लागते, आणि येथे मैत्रीचा तो आरंभबिंदूच नाकारला गेला आहे. आत्मकथनात पुनरारंभाची सोय नसते. काळ पुढे सरकतो, साचतो, आणि एका दुपारी खाल्लेल्या उष्ट्या अन्नाची चव निवेदकाच्या प्रौढ वयापर्यंत पोहोचते. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी मराठी बालपणाच्या चित्रात जी भर घातली तिचे एक वैशिष्ट्य हे की त्यांनी बालपणाला स्मृती दिली.

या पार्श्वभूमीवर 'चिंटू'कडे पुन्हा पाहिले तर एक बारीकशी गोष्ट मोठी होते. चिंटू, पप्पू, मिनी, सोनू, बगळ्या : ही सारी लाडाची नाहीतर चेष्टेची नावे आहेत. आडनाव सहसा येत नाही. ज्या समाजात आडनाव कळले की पुढचे बरेच काही कळते, तेथे आडनावाशिवायचे मित्रमंडळ हे एक सुंदर स्वप्न आहे. पण त्याच जगात प्रौढांकडे वळले की शेजारच्या काकू 'जोशी' असतात. मुलांना आडनावापासून मुक्त करता येते ते वस्तीचे आडनाव ठरलेले असल्यामुळे. दुसऱ्या दिवसाची हमी देणारी ती वस्ती कोणाची आहे, हे त्या एका शब्दाने सांगितले.

यावरून 'चिंटू' हे खोटे किंवा एकदेशी चित्र आहे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. समीक्षेतील ती सोपी वाट आहे. वाङ्मयप्रकाराला त्याच्या अटी असतात. दैनंदिन चित्रमालिकेने सहलीतील त्या दुपारीचा भार उचलावा ही अपेक्षा अभंगाने खटल्याचा निकाल द्यावा या अपेक्षेसारखी आहे. शिवाय माझे विद्यार्थी हसले, हे नाकारता येत नाही. ज्यांची कट्टी सुटत नाही त्यांनाही एका रात्रीत सुटणाऱ्या कट्टीचे आकर्षण असते, कदाचित अधिकच असते. प्रश्न 'चिंटू'च्या खरेपणाचा नाही; तो विनोदाच्या पूर्वअटीचा आहे. विनोदी मित्रमंडळ उभे राहण्यासाठी किमान सुरक्षितता गृहीत धरावी लागते आणि ती सुरक्षितता सर्व मुलांना सारखी मिळालेली नाही. कोल्हटकरांनी आपल्या त्रयीतून वऱ्हाडी वगळली तेव्हा, किंवा 'चिंटू'ने आडनावे वगळली तेव्हा, जे बाहेर राहिले ते या पूर्वअटीचे मोल होते.

७

या विवेचनाला 'चिंटू'च्याच इतिहासातून एक पुरावा मिळतो. १८ मे २०१२ रोजी श्रीरंग गोडबोले यांनी दिग्दर्शित केलेला 'चिंटू' हा चित्रपट प्रदर्शित झाला. चार चौकटींच्या विनोदाला दोन तासांची कथा करावयाची तर पुनरारंभ चालत नाही. काळ पुढे सरकावाच लागतो आणि त्यासाठी काही तरी खरोखर धोक्यात यावे लागते. पटकथेने धोक्यात आणले ते मुलांचे मैदान. त्यांच्या खेळण्याच्या जागेवर चायनीज खाद्यपदार्थांची गाडी येते आणि मुले बेघर झाल्यासारखी होतात. मालिकेत जे पार्श्वभूमी म्हणून गृहीत होते तेच कथेत आशय होऊन पुढे आले. म्हणजे मंडळाचे खरे अधिष्ठान मैदान होते, याची कबुली मालिकेने स्वतःच दिली. बटाट्याच्या चाळीतील रहिवाशांना जी जाणीव अखेरीस झाली तीच येथे मुलांना झाली.

आता परिस्थिती आणखी एका पावलाने बदलली आहे. चित्रमालिका पडद्यावर वाचली जाऊ लागली आणि तिचे जुने भाग सलग वाचणे शक्य झाले. दोन भागांमधली जी रात्र भांडण विसरायला लावीत होती, ती सलग वाचनात नाहीशी होते. परदेशातील काही मालिकांनी या स्मृतीलाच रचनातत्त्व केले. लिन जॉन्स्टन यांच्या 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'मधील (१९७९-२००८) मुले वाचकांबरोबर मोठी झाली. जेफ जॅक्स यांच्या २००३ पासून महाजालावर चालू असलेल्या 'क्वेश्चनेबल कंटेंट'मध्ये तर मित्रमैत्रिणींच्या असुरक्षितता हाच कथाविषय आहे. तेथे दुखावलेपण बोलून दाखविले जाते, त्याची कारणे उकलली जातात, आणि समेट झाला तरी आधीचे भांडण पुसले जात नाही. दुसऱ्या दिवसाच्या हमीची जागा तेथे संवादाने घेतली आहे. हा लाभ आहे आणि हानीही. संवादाने मित्र एकमेकांना समजतात. पण समजावून न सांगता, काही न झाल्यासारखे पुन्हा शेजारी उभे राहण्यात जी उदारता होती ती या मार्गाने येत नाही. कट्टी सोडताना मुले कारणमीमांसा करीत नाहीत, हे त्यांचे शहाणपणही असते.

मराठी मित्रमंडळाच्या इतिहासात आतापर्यंत दोन परंपरा परस्परांना न भेटता चालत आल्या. विनोदाच्या परंपरेने भांडणाला विस्मृती दिली आणि आत्मकथनाच्या परंपरेने अपमानाला स्मृती. पहिलीत मैदान गृहीत होते, दुसरीत मैदानात प्रवेशच नव्हता. या दोहोंच्या सांध्यावर उभे राहणारे लेखन कसे असेल हे आधी सांगता येणार नाही. एवढे मात्र दिसते की त्यातील मुलांना आडनावे असतील, त्यांच्या बोलण्याला आपल्या गावचा वास असेल, आणि त्यांची कट्टी सुटायला एका रात्रीहून अधिक वेळ लागेल. तो वेळ विनोदाला पेलवेल काय?

सुदाम्याच्या कथेकडे परत गेले तर एक शक्यता दिसते. कृष्ण सुदाम्याच्या दारिद्र्याविषयी बोलत नाही आणि ते नसल्याचे सोंगही करीत नाही. पुरचुंडी दडविलेली आहे हे तो पाहतो आणि हात घालतो. दडविलेले दिसणे आणि तरीही खेळकर राहणे या दोन गोष्टी तेथे एकाच कृतीत आहेत. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून पूर्ण सापडलेले नाही. पण त्याचा शोध घ्यावयाचा तर 'सुदाम्याचे पोहे' या शीर्षकातील पोह्यांपासून आरंभ करावा लागेल, एवढे मी आता तिला सांगू शकेन.